नाजूक पोटाचा कुत्रा: जुलाब-उलट्या झाल्यावर काय, किती आणि कधी

काटेकोर

'आमच्या कुत्र्याचं पोट नाजूक आहे, काय देऊ?' या एका ओळीच्या प्रश्नाला इथे दर वेळी ढीगभर उत्तरं येतात आणि त्यातली निम्मी एकमेकांना खोडतात. म्हणून सगळं एका धाग्यात आणू या. कृपया 'आमच्या बंडूला असं झालं होतं' नको. किती, कधी, कशानं बिघडतं एवढंच लिहा.

सुरुवात करते. वाटी हातात घेण्याआधी शी बघा. नाक मुरडून पाणी ओतून टाकू नका, नीट बघा.

लहान आतडं बिघडलं असेल तर शी दिवसातून दोन-चारदाच होते पण ढीगभर, पातळ, कधी चिकट तेलकट. कुत्रा घाई करत नाही. वजन उतरतं, पोट गुरगुरतं, सोबत उलटी असू शकते. रक्त असलंच तर ते पचून आल्यामुळे शी डांबरासारखी काळी दिसते.

मोठं आतडं बिघडलं तर उलट. दहा वेळा दाराशी धावतो, कुंथतो आणि पडतं चमचाभर. त्यावर शेंबडासारखी आव, शेवटी ताज्या लाल रक्ताचे एखाद-दोन थेंब. खाणं आणि उत्साह बहुतेकदा शाबूत. दिवाळीचे फटाके, पाहुणे, प्रवास, बोर्डिंगमधून परत येणं यानंतर दिसतं ते बहुधा हेच.

हा फरक कळला की अर्धं काम झालं, कारण इसबगोल दुसऱ्याला उपयोगी पडतो आणि पहिल्याला फारसा नाही. शीचा फोटो काढा, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे डॉक्टरांना आकार कळतो. बरणीत नेणार असाल तर मेडिकलमध्ये लघवीच्या तपासणीची डबी मिळते ती घ्या. दोन तासांत पोचत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको.

घरी थांबायचंच नाही अशा गोष्टी: सहा महिन्यांखालचं पिल्लू, लसीकरण अर्धवट, २४ तासांत तीनपेक्षा जास्त उलट्या, पाणीसुद्धा न टिकणं, काळी शी किंवा जॅमसारखी लाल शी, हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा विटकरी लाल, पोट फुगून टणक आणि ओकाऱ्या येतात पण बाहेर काहीच पडत नाही. हे शेवटचं मोठ्या, खोल छातीच्या जातींत (जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन) जठर पिळल्याचं लक्षण असतं. तिथे तास मोजायचे नसतात, रिक्षा बोलवायची असते.

निवांत_नाना

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

घरात थर्मामीटर हवाच, कुत्र्याचा वेगळा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन सेंटीमीटर. नाक गरम की गार यावरून ताप कळत नाही, हा समज कधी जाणार देव जाणे. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ °फॅ. आपला ९८.४ डोक्यात ठेवून लोक १०२ ला घाबरतात आणि क्रोसिन देतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यातलं काहीही घरच्या डब्यातून द्यायचं नाही. शेवटची तीन तर जठराला जखमा करतात, म्हणजे पोट दुखतंय म्हणून पोट फाडायचं औषध.

पाणी कमी झालंय का हे बघायला खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली पाहिजे. म्हाताऱ्या आणि हडकुळ्या कुत्र्यात ही चाचणी फसवते, म्हणून ओठ उचलून हिरडी बघा. ओलसर, बुळबुळीत हवी. बोट चिकटलं तर पाणी कमी आहे. बोटानं दाबा, पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा.

पेजवाला

आता स्वयंपाकघर. सगळे 'चिकन-राइस द्या' म्हणतात, किती ते कोणी सांगत नाही.

आजारी कुत्र्याला विश्रांतीत लागणारी ऊर्जा काढायची रीत: वजन किलोत घ्या, तीनदा एकमेकांशी गुणा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, ७० नं गुणा. १० किलोचा कुत्रा: १० × १० × १० = १०००, पहिलं वर्गमूळ ३१.६, दुसरं ५.६२, गुणिले ७० म्हणजे साधारण ३९४ किलोकॅलरी.

ते ताटात असं उतरतं (सगळं कच्चं वजन, कारण भातात पाणी किती घातलं यावर शिजलेलं वजन बदलतं):

५ किलो: तांदूळ ४० ग्रॅम, चिकन ८० ग्रॅम
१० किलो: तांदूळ ६५, चिकन १४०
२० किलो: तांदूळ ११०, चिकन २३५
३० किलो: तांदूळ १५०, चिकन ३१०

चिकन म्हणजे छातीचं, बिनहाडाचं, बिनकातडीचं. मांडीचं मांस जास्त चरबीचं. तांदूळ साधा पांढरा, जुना कोलम चालतो. ब्राऊन राइस, हातसडी इथे नको, त्यातला कोंडा या घडीला नकोच आहे. पाचपट पाणी घालून कुकरला पाच शिट्ट्या. आपला गुरगुट्या भात होतो तसा, शीत बोटांनी चिरडलं तर कणी लागू नये. मीठ नाही, हळद नाही, तूप नाही, लसूण-कांदा तर कधीच नाही. चिकन वेगळं उकडा, पाणी गार करून वर तरंगणारी चरबी काढा, चिकन हातानं तंतू-तंतू सोडवून भातात कालवा. मोठे तुकडे ठेवले तर शहाणी कुत्री चिकन वेचून खातात आणि भात चाटून सोडतात.

पहिल्या दिवशी वरच्या मापाच्या तिसरा हिस्सा ते निम्मं, तेही पाच-सहा वेळा विभागून. दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश. तिसऱ्या दिवशी पूर्ण, चार वेळा. इथेच बहुतेकांचं चुकतं. शी जरा आकाराची दिसली की 'बिचारा दोन दिवस उपाशी आहे' म्हणून घरातलं कोणीतरी पूर्ण वाडगा भरतं आणि रात्री परत सुरू.

शाकाहारी_बोका

आमच्याकडे घरात चिकन शिजत नाही. अंडं चालतं (बाल्कनीतल्या शेगडीवर, स्वतंत्र पातेल्यात!). पनीर आणि मुगाची खिचडी यांचं काय?

पेजवाला

बोकेराव, अंड्याचा पांढरा भाग उत्तम. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ५ उकडलेल्या अंड्यांचे पांढरे आणि तांदूळ ८५ ग्रॅम, म्हणजे ऊर्जा तेवढीच भरते. प्रथिनं थोडी कमी पडतात पण चार-पाच दिवसांना चालतं. पिवळा भाग चरबीमुळे वगळा. कच्चं अंडं नाही.

पनीर नको. आपलं बाजारातलं पनीर म्हणजे पंचमांश आणि त्याहून जास्त चरबी. साय पूर्ण काढलेल्या दुधाचा छन्ना घरी केला तर गोष्ट वेगळी.

मूगडाळ साल काढलेली, तांदळाच्या एक चतुर्थांश, हिंग-फोडणीशिवाय. पण पहिले दोन दिवस नाही. डाळीतल्या काही शर्करा कुत्र्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात आणि वात धरतो. तिसऱ्या दिवसानंतर हरकत नाही.

गुरांचा_डॉक्टर

वर चांगलं चाललंय. काही गोष्टी दुरुस्त करतो आणि काही घालतो.

उपास: पूर्वी आम्हीच '२४ तास काही देऊ नका' सांगायचो. आता तसं सांगत नाही. आतड्याच्या आतल्या पेशी त्यांचं बरंचसं पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात, रक्तातून कमी. नुसते जुलाब असतील, उलटी नसेल, तर उपास नकोच. थोडं-थोडं लगेच सुरू करा. उलट्या असतील तर शेवटच्या उलटीनंतर ६ ते १२ तास अन्न थांबवा, त्याहून जास्त नाही. पिल्लं आणि पॉमेरेनियन-चिवावासारख्या छोट्या जाती यांना उपास अजिबात नाही, साखर उतरून झटके येतात.

पाणी: उलटीनंतर दोन तास थांबा. मग १० किलोच्या कुत्र्याला दर अर्ध्या तासाला ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. भरलेलं भांडं समोर ठेवलं की तो घटाघटा पितो, जठर ताणलं जातं आणि सगळं बाहेर. लोकांना वाटतं पाणीही टिकत नाही. प्रत्यक्षात एकदम पाव लिटर टिकत नाही. दिवसाची साधी गरज किलोमागे ५० ते ६० मिली, जुलाब चालू असतील तर त्यावर आणखी.

ओआरएस चालतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट घ्या. २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजानं टाकलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं. फळांच्या चवीची तयार खोकी नकोत. साखर फार, आणि काहींत कृत्रिम गोडवा. झायलिटॉल कुत्र्याला विष आहे. केलेलं पाणी २४ तासांनी फेका. पीत नसेल तर चिकन उकडलेलं, चरबी काढलेलं पाणी ओआरएसऐवजी द्या. ओकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सिरिंजनं जबरदस्तीनं काही ओतू नका, फुप्फुसात गेलं तर जुलाबापेक्षा मोठं दुखणं होतं. आणि जबडा लटकलाय, लाळ गळतेय, गिळता येत नाही असा लस न झालेला कुत्रा असेल तर तोंडात हातच घालू नका. रेबीज विसरू नका.

औषधं: मेडिकलवाल्याकडून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची पट्टी आणून पाव गोळी देणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे. नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं वाढत्या पिल्लांच्या सांध्यांच्या कूर्चेला इजा करतात. मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाची गोष्ट आणखी लिहिण्यासारखी आहे. साध्या तीव्र जुलाबात ते दिलं काय, न दिलं काय, कुत्रा जवळपास तेवढ्याच दिवसांत बरा होतो, पण आतड्यातले उपयोगी जिवाणू मात्र काही आठवडे विस्कटलेले राहतात. युरोपातल्या पशुवैद्यकांच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सौम्य आणि मध्यम तीव्र जुलाबाला प्रतिजैविक देऊ नका असंच आहे. 'नाजूक पोट' म्हणून माझ्यापुढे येणाऱ्या कित्येक फायलींत वर्षाला चार-पाच कोर्स दिसतात. मग पोट नाजूक होणार नाही तर काय?

लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) नको. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात एका जनुकदोषामुळे ते थेट मेंदूत शिरतं. बाकीच्यांतही जंतुसंसर्ग असेल तर घाण आत कोंडून ठेवायची का, हा प्रश्न आहेच.

उलटीचं इंजेक्शन (मॅरोपिटंट) छान काम करतं, पण काही अडकलेलं नाही याची खात्री झाल्यावर. नाहीतर उलट्या थांबतात, कुत्रा शांत दिसतो आणि आतडं सडत असतं.

मोत्याची_मावशी

डॉक्टर, जायफळ उगाळून चाटवलं तर? लहान बाळांना देतोच की आपण. आणि दहीभात? तो तर कुत्र्यांचा पिढीजात पथ्याचा पदार्थ.

गुरांचा_डॉक्टर

मावशी, जायफळ नको. त्यातलं मायरिस्टिसिन कुत्र्याला बाधतं: गुंगी, भेलकांडणं, धडधड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. सहाणेवर दोन वेढे उगाळले तर काही होणार नाही कदाचित, पण 'दोन वेढे' प्रत्येक घरात वेगळे असतात आणि ३ किलोचं पिल्लू वेगळं, ३० किलोचा लॅब वेगळा. उपयोग शून्य असेल तर धोका का घ्यायचा?

दही. दुधातली लॅक्टोज साखर पचवणारं विकर वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांत आधीच कमी असतं, आणि जुलाबात आतड्याचं अस्तर सोललं गेलं की उरलंसुरलंही जातं. दह्यात लॅक्टोज दुधापेक्षा थोडं कमी, पण नाहीसं नसतं. म्हणून जुलाब चालू असताना दही नाही. बरा झाल्यावर १० किलोला एक-दोन मोठे चमचे, आंबट नसलेलं, सोसत असेल तर खुशाल. त्यातून जिवाणू किती मिळतात याचा भरवसा नाही. ते हवेत तर कुत्र्यांसाठीचं एन्टेरोकॉकस फेशियमचं पाकीट किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी घ्या. सोबत प्रतिजैविक चालू असेल तर बोलार्डी बरं, ते यीस्ट आहे, प्रतिजैविकानं मरत नाही.

आणि दूध-पोळी. ज्यांचा कुत्रा 'कायमच जरा सैल' असतो त्यांनी आधी दूध दोन आठवडे पूर्ण बंद करून बघा. बाकी काहीही बदलू नका. निम्म्या तक्रारींचा सोक्षमोक्ष तिथेच लागेल.

निवांत_नाना

दोन गोष्टी ऋतूंच्या.

मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा बुरखुंडा. दोन्ही कुत्र्याला चवीचे लागतात, दोन्ही पचत नाहीत. चावून दोन इंचांचा तुकडा गिळला की जठरातून कसाबसा निसटतो आणि लहान आतड्यात बूच मारतो. लक्षणं कधी दुसऱ्या दिवशी, कधी दोन आठवड्यांनी, कारण तुकडा जठरात पडून राहू शकतो. खाल्लं की तासाभरानं उलटी, शी कमी-कमी होत बंद, पोटाला हात लावू देत नाही. हे दोन्ही एक्स-रेत स्पष्ट दिसतीलच असं नाही, सोनोग्राफीचा आग्रह धरा, आणि 'त्यानं कणीस खाल्लं असू शकतं' हे डॉक्टरांना तोंडानं सांगा. ते विचारतीलच असं गृहीत धरू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयोग नको, रक्तात सोडियम चढून कुत्रा दगावतो.

दुसरं, पहाटेची पिवळी उलटी. फेसाळ, पित्ताची, अन्न नाही, ओकून झाल्यावर कुत्रा मजेत शेपूट हलवत फिरतो. संध्याकाळी सातला जेवून सकाळी नऊपर्यंत काही न मिळालेल्या कुत्र्याची ही खूण. रिकाम्या जठरात पित्त उलटं चढतं. यावर पॅन्टोप्राझोल (आम्लपित्ताची गोळी) सुरू करण्याआधी रोजच्याच मापातला पाचवा हिस्सा बाजूला काढून रात्री साडेदहा-अकराला द्या. बहुतेकदा आठवड्यात थांबते. थांबली नाही तर मग तपासणी.

बावळट_पग

गवत खातो त्याचं काय? पोटात काही आहे म्हणून खातो ना?

काटेकोर

बहुतेक कुत्री धडधाकट असतानाच गवत खातात आणि ओकतही नाहीत. रोजची चार पाती सोडून द्या. अचानक वेड्यासारखं ओरबाडायला लागला, ओठ चाटतोय, लाळ येतेय, तर मळमळ समजा. सोसायटीच्या लॉनवर फवारणी कधी होते तेवढं मात्र माळीकाकांना विचारून ठेवा.

वसईकर

मासळीवर कुणीच नाही? चिकन सोसत नाही अशा कुत्र्याला मासा सोपा. आजारपणात कमी चरबीचा, ताजा, उकडून काटे काढलेला. बांगडा-तारली तेलकट, ते बरं झाल्यावर. बांगडा शिळा तर अजिबात नको. त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि उकळल्यानं ते जात नाही, अर्ध्या तासात तोंड सुजून उलट्या. सुकट, खारे सुके बोंबील मिठामुळे बाद. आणि काटे काढताना प्रकाशात, बोटांनी दाबत काढा. चमच्यानं कालवून काटा सापडत नाही.

पेजवाला

+१ वसईकर. चिकनच्या जागी कमी चरबीचा मासा तेवढ्याच कच्च्या वजनानं, पाचेक टक्के वर-खाली.

इसबगोल आणि भोपळा राहिला. आव-कुंथणं असलेल्या जुलाबात १० किलोला अर्धा चहाचा चमचा इसबगोलची साधी भुसी, दोन वेळा, चांगल्या ओल्या भातात पाच मिनिटं भिजवून. कोरडी कधीच टाकू नका, घशात फुगते. संत्र्याच्या चवीची पाकिटं नकोत, कारण वर डॉक्टरांनी सांगितलंय तेच: साखर आणि कृत्रिम गोडवा. लाल भोपळा साल-बिया काढून वाफवलेला, १० किलोला दिवसाला दोन मोठे चमचे. कच्चा नको. 'भोपळा जास्त दिला तर लवकर बरा होईल' असं होत नाही, जास्त तंतूंनी शी पुन्हा सैल होते.

काटेकोर

आता बरं झाल्यानंतरचं, कारण पुन्हा-पुन्हा होणाऱ्यांचा घोळ इथेच आहे.

शी दोन दिवस सलग आकाराची झाली की मूळ खाणं परत आणायला सुरुवात. साध्या कुत्र्याला ७ दिवस पुरतात, नाजूक पोटाला १० ते १४ धरा. पहिले तीन दिवस पाव हिस्सा मूळ खाणं आणि पाऊण पथ्याचं, मग तीन-चार दिवस निम्मं-निम्मं, मग पाऊण-पाव. मध्ये शी सैल झाली तर आधीच्या पायरीवर जा, शून्यावर नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. शी बिघडली की घरात एकाच दिवशी नवं पाकीट येतं, दही सुरू होतं, जंताची गोळी दिली जाते आणि कुणीतरी यकृताचं सिरप सुचवतं. बरं झालं तर कशानं झालं कळत नाही, बिघडलं तर कशानं बिघडलं कळत नाही, आणि मग 'याचं पोटच नाजूक' हा शिक्का बसतो. फ्रीजवर कागद चिकटवा: तारीख, काय खाल्लं, कुणी दिलं, शी कशी. 'कुणी दिलं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आजोबा मारी बिस्कीट, मुलगी चीज, कामाच्या मावशी पोळीचा तुकडा, खालचा वॉचमन पार्ले-जी. प्रत्येकाचं 'एवढंसंच' असतं. वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे नको.

पाकिटातलं खाणं असेल तर दमट हवेत मोठी गोणी स्वस्त पडली तरी घेऊ नका. उघडल्यापासून सहा आठवड्यांत संपेल एवढंच. मूळ पिशवीसकट हवाबंद डब्यात ठेवा. थेट स्टीलच्या डब्यात ओतून वर नवं ओतत गेलात तर तळाचा जुना तेलकट भुगा खवट होतो आणि प्रत्येक वाडग्यात थोडा-थोडा येतो. दुकानातली सुट्टी विकली जाणारी किबल (कुत्र्याच्या खाण्याचे कोरडे दाणे) याच कारणासाठी नको.

सोनचाफा

ॲलर्जी कशी ओळखायची? रक्ताची तपासणी करून देतो असं एका लॅबनं सांगितलं.

काटेकोर

खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्त, लाळ, केस यांच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका, त्यांचा भरवसा नाही. खरी चाचणी म्हणजे वर्जन आहार. पूर्वी कधीही न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट. कुत्र्यांत सिद्ध झालेल्या ॲलर्जींत गोमांस, दूध, चिकन आणि गहू वरच्या क्रमांकावर आहेत. आपल्याकडे गोमांस सहसा ताटात नसतं, पण चिकन, दूध आणि पोळी मात्र रोज. म्हणून चिकनवर वाढलेल्या कुत्र्याला बिनचरबीचं बोकडाचं मांस आणि रताळं, किंवा मासा आणि भात. पोटाच्या तक्रारी असतील तर दोन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. खाजही असेल तर आठ आठवडे धरा. मग जुनं खाणं मुद्दाम परत द्या. लक्षणं परत आली तरच ॲलर्जी म्हणायची. ही शेवटची पायरी कोणी करत नाही, आणि मग कुत्रा जन्मभर विनाकारण चिकनशिवाय राहतो.

फसवणाऱ्या गोष्टी: 'लॅम्ब अँड राइस' लिहिलेल्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत चिकन मील किंवा चिकन फॅट असतं. गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव असते, त्या काळापुरतं मानेवर टाकायचं औषध विचारा. व्हिटॅमिनचं सिरप, चवीची टूथपेस्ट, हाडाच्या आकाराचे च्यू, सगळं बंद.

घरच्या खाण्यावर कायमचं राहणार असाल तर चिकन-भात पथ्य आहे, आहार नाही. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दर १००० किलोकॅलरीमागे किमान सव्वा ग्रॅम लागतं. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पीठ केलं तर सपाट चहाच्या चमच्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण जस्त, तांबं, आयोडीन, ई आणि डी जीवनसत्त्व तरी राहतातच, तेव्हा आठवड्याच्या पुढे जाणार असाल तर कुणाकडून तरी आहार बसवून घ्या.

गुरांचा_डॉक्टर

तीन आठवड्यांच्या पुढे चाललं की 'नाजूक पोट' हा शब्द टाकून द्या आणि कारण शोधा. माझा क्रम सांगतो.

आधी शी. एक दिवसाआड तीन नमुने, कारण जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीच्या पुटिका रोज पडत नाहीत. नुसती स्लाइड 'निल' आली म्हणून सोडू नका, अँटिजेन किट वापरा. दुकानातली जंताची गोळी एकदा देऊन जिआर्डिया जात नाही. फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, ३ ते ५ दिवस, आणि शेवटच्या दिवशी कुत्र्याला अंघोळ, विशेषतः मागचा भाग. पुटिका केसांत राहतात आणि चाटून परत पोटात जातात. औषध चुकलं असं वाटतं, खरं तर अंघोळ चुकलेली असते.

मग रक्त. आपल्याकडे गोचीडताप, म्हणजे एर्लिकिया आणि बाबेसिया, पुष्कळदा 'जेवत नाही, जरा ओकला' असाच सुरू होतो. प्लेटलेट बघितल्याशिवाय पोटाची औषधं चालवू नका. पावसाळ्यात उलट्या, ताप आणि पिवळे डोळे असं एकत्र दिसलं तर लेप्टोस्पायरोसिस. लघवी हाताला लागू देऊ नका, माणसाला होतो.

जर्मन शेफर्ड हावऱ्यासारखा खातो, तरी फासळ्या दिसतात आणि शेणासारखी ढीगभर शी करतो: स्वादुपिंडाची विकरं (पाचक रस) कमी, त्यासाठीची टीएलआय ही रक्ततपासणी. जेवणात विकरांची भुकटी मिसळली की कायापालट होतो.

चकल्या-शंकरपाळी किंवा मटणाची चरबी खाल्ल्यावर उलट्या, पुढचे पाय जमिनीला आणि मागचा भाग वर अशी नमस्कारासारखी बैठक: स्वादुपिंडदाह. सीपीएल (स्वादुपिंडाची रक्ततपासणी), आणि पुढे किबल घेताना पाकिटावरचं क्रूड फॅट दहा टक्क्यांखाली. पिल्लांचं खाणं वीसच्या आसपास असतं, ते मोठ्या कुत्र्याला 'ताकद येते' म्हणून देऊ नका.

अधूनमधून जुलाब, अशक्तपणा, बोर्डिंगला ठेवलं की कोसळतो, सलाइननं जादू झाल्यासारखा उठतो आणि महिन्याभरात परत तेच: ॲडिसनचा आजार, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींची संप्रेरकं कमी पडणं. सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर २७ च्या खाली का ते बघा, पण ते नॉर्मल आलं तरी कॉर्टिसॉल या संप्रेरकाची तपासणी करा.

बी-१२ ची पातळी विसरू नका. ती कमी असेल तर आहार अचूक असला तरी शी सुधारत नाही.

आणि प्रतिजैविक किंवा स्टिरॉइड यांच्याकडे वळण्याआधी आहार बदलून बघा. दीर्घकाळ जुलाबाच्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून जास्त नुसत्या खाण्याच्या बदलानं सुधारतात. मुंबईत असाल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सोनोग्राफी आणि विशेषज्ञ मिळतात, सकाळी लवकर जा आणि फ्रीजवरचा तो कागद घेऊन जा.

शाकाहारी_बोका

शेवटचा बाळबोध प्रश्न. एकदाच शिजवून फ्रीजमध्ये किती दिवस?

पेजवाला

तीन दिवस. शिजल्यावर परातीत पसरून गार करा, तासाभरात डब्यात आणि फ्रीजमध्ये. भात सकाळी कुकरमध्ये ठेवून दिवसभर बाहेरच राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस वाढतो, त्याचं विष परत गरम केल्यानं जात नाही, आणि मग पथ्याच्या भातानंच उलट्या. त्याहून जास्त दिवसांचं हवं असेल तर एकेका वेळेचे लाडूएवढे गोळे करून फ्रीजरमध्ये. देताना कोमट, मनगटाच्या आत लावून बघा. वाडग्यात अर्ध्या तासानंतर उरलेलं टाकून द्या.